तिच्यासाठी इलेक्ट्रिक, त्याच्यासाठी पेट्रोल: श्रीमंतांच्या एका जुन्या वादाची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग गाड्यांवर आहे. घाबरू नका, हॉर्सपॉवर आणि मायलेजचं कोष्टक वाचून दाखवणार नाहीये. आज बोलायचंय एका वादाबद्दल. महागडी गाडी बाळगणारी माणसं आपसात घालतात तो वाद. पेट्रोलवरच राहायचं की इलेक्ट्रिक घ्यायची? रेंज पुरेल का? बॅटरी किती वर्षं टिकेल? बाहेरगावी गेलो तर चार्ज कुठे करायची?

तुम्हाला वाटत असेल, हा वाद टेस्ला आल्यावर सुरू झाला. तसं नाहीये. याच प्रश्नांवरून हाच वाद ११० वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या श्रीमंत घरांमध्ये चालू होता. त्याचा निकालसुद्धा लागला. आणि गंमत म्हणजे, तो निकाल ज्यांच्यामुळे लागला, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे महागडी गाडी नव्हतीच.

चला, १९०० सालात जाऊ.

त्या वर्षी अमेरिकेत साधारण ४,२०० मोटारगाड्या तयार झाल्या. त्यातल्या १,६८१ वाफेवर चालणाऱ्या, १,५७५ विजेवर चालणाऱ्या आणि पेट्रोलवरच्या फक्त ९३६. आज आपण जिला साधी गाडी म्हणतो ती तिसऱ्या नंबरवर होती! त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल १८९९ मध्ये, पॅरिसजवळ कामी जेनात्झी नावाच्या बेल्जियन माणसाने ताशी १०५ किलोमीटरचा वेग गाठला होता. गाडीने १०० चा आकडा ओलांडण्याची ती पहिली वेळ. आणि ती गाडी इलेक्ट्रिक होती.

श्रीमंतांना इलेक्ट्रिक का आवडायची, हे समजायला बाकीच्या दोन गाड्यांचे हाल बघा. वाफेच्या गाडीचा बॉयलर आधी तापवायचा. थंडीत त्यात पाऊण तास गेला तरी आश्चर्य नाही. पेट्रोलची गाडी सुरू करायची तर पुढे जाऊन लोखंडी हँडल मारायचं. आपल्याकडे शेतातल्या जुन्या डिझेल इंजिनाला मारतात ना, अगदी तसं. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं, आणि अशी मनगटं खरोखर मोडायची. वर आवाज, धूर, वास आणि अवघड गिअर. इलेक्ट्रिक गाडीत यातलं काहीच नाही. बसा, दांडा पुढे करा, निघा. पांढरे हातमोजे घालून पार्टीला जायचं असेल तर तुम्ही कुठली गाडी निवडाल?

आता एक नाव तुमच्या ओळखीचं. चार्ल्स रोल्स. हो, रोल्स-रॉइसमधले रोल्स. १९०० साली ती कंपनी अजून जन्मायची होती. त्यांनी तेव्हा कोलंबिया नावाची इलेक्ट्रिक गाडी चालवून बघितली आणि तिचं कौतुक केलं. आवाज नाही, वास नाही, थरथर नाही. पण त्यांचं म्हणणं असं होतं की जागोजागी चार्जिंगची सोय झाली तरच हिचा उपयोग, आणि शहराबाहेर तरी पुढची बरीच वर्षं हिचं काही खरं नाही. १२० वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि आजही कुठल्याही ईव्हीच्या रिव्ह्यू व्हिडिओत हेच ऐकायला मिळतं.

या काळातली सगळ्यात यशस्वी इलेक्ट्रिक म्हणजे डेट्रॉइट इलेक्ट्रिक. घोडागाड्या बनवणाऱ्या अँडरसन कंपनीने १९०७ मध्ये ती बाजारात आणली. गाडी कसली, छोटा दिवाणखानाच तो! चारी बाजूंनी काचा, मऊ गाद्या, समोरासमोर बैठका, फुलदाणी ठेवायची सोय. स्टिअरिंगचं चाक नाही, होडीच्या सुकाणूसारखा दांडा. वेग ताशी ३०-४० किलोमीटर. कंपनी सांगायची की एका चार्जमध्ये साधारण १३० किलोमीटर जाते. एका चाचणीत तर ती ३४० किलोमीटर गेली होती. किंमत अडीच-तीन हजार डॉलर आणि त्याहून वर. त्या काळात ही रक्कम म्हणजे चेष्टा नव्हती.

हिची एक गिऱ्हाईक होती क्लारा फोर्ड. हेन्री फोर्डची बायको! ज्या माणसाने अख्ख्या जगाला पेट्रोलच्या गाडीत बसवलं, त्याच्या घरात बायको डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत होती. तिची १९१४ ची गाडी आजही फोर्डच्या नावाच्या म्युझियममध्ये आहे. व्हाइट हाउसमध्येसुद्धा १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या ताफ्यात बेकर कंपनीची इलेक्ट्रिक आली होती, आणि ती वापरायच्या त्यांच्या पत्नी.

इथे थोडं थांबा. एक पॅटर्न दिसतोय का?

श्रीमंत घरांनी वादावर तोडगा काढला होता तो असा. दोन गाड्या ठेवायच्या. एक इलेक्ट्रिक, शहरात फिरायला, खरेदीला, गाठीभेटींना. ती बाईसाहेबांची. आणि एक मोठी पेट्रोलची, लांबच्या प्रवासाला. ती साहेबांची. लांब जाणं, रस्त्यात गाडी बंद पडणं, बाह्या सरसावून ती दुरुस्त करणं, यात पुरुषांना मर्दुमकी वाटायची. जाहिरातींनीही तेच केलं. इलेक्ट्रिकच्या जाहिरातीत बाई, पेट्रोलच्या जाहिरातीत डोंगर आणि धूळ.

याचा परिणाम काय झाला? इलेक्ट्रिकला 'बायकांची गाडी' असा शिक्का बसला. बायका गाडी चालवायला लागल्या, एकट्या घराबाहेर पडायला लागल्या, ही खरं तर मोठी गोष्ट होती. पण पुरुष गिऱ्हाइकाला त्या गाडीत बसायची लाज वाटायला लागली. कंपन्यांनी मग धडपड केली. डेट्रॉइट इलेक्ट्रिकने खास पुरुषांसाठी बुटकी, स्पोर्टी दिसणारी गाडी काढली. पुढे तर इलेक्ट्रिक गाडीला खोटं बॉनेट लावायला लागले. आत इंजिन नाही, पण बाहेरून पेट्रोलची वाटली पाहिजे!

बाकीच्या अडचणींवरही लोक काम करत होते. घरच्या गॅरेजमध्ये बसवायचे चार्जर मिळायचे. एडिसनने शिशाच्या बॅटरीपेक्षा टिकाऊ अशी निकेल-लोखंडाची बॅटरी काढली होती. पण ती बसवायची तर डेट्रॉइट इलेक्ट्रिकला ६०० डॉलर जास्त मोजावे लागत. हार्टफर्ड शहरातल्या वीज कंपनीने १९१२ पासून बॅटरी बदलून द्यायची सेवा चालवली. गाडी तुमची, बॅटरी कंपनीची. उतरली की या, भरलेली घेऊन जा. आज ज्याला आपण बॅटरी स्वॅपिंग म्हणून नवीन आयडिया समजतो, ती हीच. शिकागोच्या वुड्स कंपनीने १९१७ मध्ये पेट्रोल आणि वीज दोन्हीवर चालणारी गाडी विकायला काढली. ज्यांना ठरवता येत नाही त्यांच्यासाठी हायब्रिड! तीसुद्धा तेव्हाच येऊन गेली.

एवढंच काय, जानेवारी १९१४ मध्ये खुद्द हेन्री फोर्डने जाहीर केलं होतं की एडिसनबरोबर मिळून आपण स्वस्त इलेक्ट्रिक गाडी बनवतोय. चाचणीच्या गाड्या तयारही झाल्या. बाजारात मात्र ती कधीच आली नाही.

मग इलेक्ट्रिक हरली कशी?

पहिला घाव घातला चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने. हा माणूस आधी दुकानातले गल्ले बनवणाऱ्या कंपनीत होता. तिथे त्याने गल्ल्याला छोटी विजेची मोटर बसवली होती. तीच कल्पना त्याने गाडीत आणली. बॅटरी आणि छोटी मोटर, बटण दाबलं की इंजिन सुरू. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हा सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडल मारायची कटकट संपली. म्हणजे बघा, इलेक्ट्रिक गाडीला मारलं ते बॅटरी आणि मोटरनेच. इलेक्ट्रिकचा जो सगळ्यात मोठा गुण, चालवायला सोपी, तो पेट्रोलने उचलून आपल्याकडे घेतला. आता शहरातही पेट्रोलची गाडी चालेना का!

पण माझ्या मते खरा निकाल श्रीमंतांच्या दिवाणखान्यात लागलाच नाही. तो लागला खेड्यात.

फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला आली. १९१६ पर्यंत तीच गाडी ३६० डॉलरला मिळायला लागली. ती घेतली शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी, कारागिरांनी. या लोकांनी इलेक्ट्रिक का नाही घेतली? महाग होती, हे आहेच. पण समजा फुकट दिली असती, तरी ती चार्ज कुठे करणार होते? पेट्रोल डब्यात भरून किराण्याच्या दुकानातही ठेवता येत होतं. १९०१ मध्ये टेक्ससमध्ये स्पिंडलटॉपला तेलाचं कारंजं उडालं आणि पुढे तेलाचा सुकाळ झाला. वीज मात्र तारेने आणावी लागते, आणि तारा शहरातच थांबल्या होत्या. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती! वीज कंपन्यांना तिकडे नफा दिसत नव्हता. शेवटी १९३५ मध्ये सरकारला त्यासाठी वेगळी योजना काढावी लागली.

म्हणजे ज्या काळात गाडी सामान्य माणसापर्यंत पोचत होती, नेमका त्याच काळात प्लग त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. ज्यांच्या घरी प्लग होता, ते फुलदाणीवाली गाडी घेऊन खूश होते. त्यांना कुणाची अडचणच दिसत नव्हती. एकदा कोट्यवधी लोक पेट्रोलवर गेले की पंप, मेकॅनिक, रस्ते, सगळं त्याच हिशोबाने उभं राहतं. डेट्रॉइट इलेक्ट्रिकने १९३९ पर्यंत तग धरला. सगळ्या मिळून गाड्या विकल्या साधारण १३ हजार.

आता आजच्या काळात या. रोल्स-रॉइसने २०२२ मध्ये स्पेक्टर ही आपली पहिली पूर्ण इलेक्ट्रिक गाडी दाखवली. चार्ल्स रोल्स यांची शंका फिटायला इतकी वर्षं गेली. तिकडे पोर्शेचे संस्थापक फर्डिनांड पोर्शे यांनी तरुणपणी केलेलं काम इलेक्ट्रिक गाड्यांवरचंच होतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची गाडी मांडली होती. आज त्याच पोर्शेची इलेक्ट्रिक टायकन २०२४ मध्ये आदल्या वर्षीपेक्षा जवळपास निम्मीच विकली गेली. वाद संपलेला नाही. आवाजच नाही तर मजा काय, असं म्हणणारे आहेत. विकताना किंमत किती येईल, ही धाकधूक आहे. आणि दोन गाड्यांचा तोडगाही तसाच आहे. मुंबईत फिरायला इलेक्ट्रिक, आणि ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवरून नागपूरला जायला डिझेलची एसयूव्ही.

आपल्याकडे मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र सरकारने ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं. महागड्या ईव्हीवाल्याला सवलत द्यावी की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण हा इतिहास वाचल्यापासून मला दुसराच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

आमच्या सोसायटीच्या सभेत मध्यंतरी चार्जिंग पॉइंटचा विषय निघाला. तीन मोठ्या गाड्यांच्या मालकांना आपापल्या पार्किंगमध्ये चार्जर हवे होते. लोड किती येईल, केबलचा खर्च कुणी करायचा, यावर दीड तास चर्चा झाली. आणि गेटवर रोज जी पोरं इलेक्ट्रिक स्कूटरवर पार्सल घेऊन येतात, त्यांच्याबद्दल एक वाक्यही नाही. रात्री भाड्याच्या खोलीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा पोरगा ती स्कूटर कुठे चार्ज करत असेल? लिफ्ट नसलेल्या चाळीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून?

तीन मोठ्या गाड्यांना चार्जर मिळेलच. १९१२ मध्येही मिळाला होता. मोठ्या गाडीवाला काय घेतो यावर मोठमोठ्या चर्चा होतात, पण जुनी गोष्ट सांगते की तंत्रज्ञान जगतं की मरतं हे ठरतं ज्याच्याकडे एकच गाडी परवडण्याइतके पैसे आहेत त्याच्या दारात. त्याच्याकडे दुसरी गाडी ठेवायचा पर्याय नसतो. त्याला जे रोज मिळतं, भरता येतं, दुरुस्त करता येतं, तेच तो घेतो. आणि तो घेतो तेच शेवटी टिकतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं, की बाबा, पुढची गाडी इलेक्ट्रिक घेऊ का, तर जरूर चर्चा करा. पण एक प्रश्न जोडा. आपल्या गल्लीत प्लग कुणाकुणाला मिळतोय? तुमच्या सोसायटीत, चाळीत, गावच्या स्टँडवर काय परिस्थिती आहे, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवेन. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हो, फोन चार्जिंगला लावा. भेटूच!