आज्ञावलींचे स्थानांतर आणि वऱ्हाडचे भूमी-अभिलेख

एका परिचालन प्रणालीसाठी रचलेली संगणक-आज्ञावली दुसऱ्या परिचालन प्रणालीवर चालेल अशा रीतीने तिच्यात फेरबदल करणे, तसेच तिने साठविलेली माहिती नव्या प्रणालीस यथार्थपणे वाचता येईल अशी करून घेणे, या क्रियेस आज्ञावलीचे स्थानांतर म्हणतात. यंत्र बदलले म्हणजे आज्ञावली बदलावी लागते, हे सहज ध्यानात येते. परंतु जुन्या माहितीत न लिहिता गृहीत धरलेले संकेत नव्या व्यवस्थेत कसे न्यावयाचे, हा स्थानांतरातील खरा बिकट प्रश्न होय. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम या जिल्ह्यांच्या वऱ्हाड प्रदेशात तो भूमी-अभिलेखांच्या संदर्भात ठळकपणे दिसून येतो. शेतकऱ्याचे पीककर्ज, वारसनोंद आणि खरेदी-विक्री ही सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अवलंबून असल्यामुळे एका अक्षराची वा अंकाची चूकही त्याला तहसील कचेरीचे हेलपाटे घालावयास लावू शकते.

पूर्वपीठिका : संगणक येण्यापूर्वीही वऱ्हाडच्या दप्तराने अनेक स्थित्यंतरे पाहिली होती. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन येथे रयतवारी पद्धत रूढ झाली. शेजारच्या नागपूर भागात मात्र मालगुजारी होती. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताशी जोडण्यात आला. १९२८ ची वऱ्हाड जमीन महसूल संहिता, १९५४ ची मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आलेली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ असे तीन कायदे चाळीस वर्षांच्या आत एकामागून एक लागू झाले. प्रत्येक वेळी जुन्या संज्ञांना नवे प्रतिशब्द द्यावे लागले. ‘भूमिस्वामी’ म्हणून नोंदलेला खातेदार नव्या संहितेत भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, हे केवळ त्या शब्दावरून ठरत नसे. त्याच्या हस्तांतरणाच्या हक्कावर निर्बंध होते की नव्हते, हे पाहावे लागे. याच काळात मोडी लिपी मागे पडून देवनागरी स्थिर झाली आणि एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर ही मापे आली. ही सर्व स्थानांतरे पटवाऱ्याच्या लेखणीने झाली. नोंदीत जे लिहिलेले नसे, ते त्याच्या स्मरणात व गावाच्या माहितीत असे.

यंत्र आणि आज्ञावली यांची फारकत : आरंभीच्या आज्ञावली विशिष्ट यंत्राच्या भाषेतच लिहिल्या जात. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेली युनिक्स ही परिचालन प्रणालीही प्रथम अशीच होती. १९७३ मध्ये ती सी या भाषेत पुन्हा लिहिण्यात आली. त्यानंतर १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातील वॉलनगाँग विद्यापीठात ती इंटरडेटा कंपनीच्या अगदी वेगळ्या घडणीच्या यंत्रावर उतरविण्यात आली. आज्ञावली यंत्रापासून अलग करता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले. तथापि साठविलेल्या माहितीचे संकेत असे सहज अलग होत नाहीत. मराठीच्या बाबतीत तर हा अडसर अक्षरापासूनच सुरू झाला.

मराठी अक्षरांचे संकेत : संगणकात प्रत्येक अक्षर अंकरूपाने साठविले जाते. अमेरिकी प्रमाण संकेतात १२८ च स्थाने होती व त्यांत देवनागरीला जागा नव्हती. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत विकसित झालेले जिस्ट हे तंत्र डॉस प्रणालीच्या संगणकात एक कार्ड बसवून भारतीय लिपी पडद्यावर आणीत असे. त्यामागील इस्की हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकृत झाला. त्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जात.

विंडोज प्रणालीचा प्रसार झाल्यावर मात्र निराळीच वाट रूढ झाली. रोमन अक्षरांच्या स्थानी मराठी अक्षरांचे आकार बसविलेले टंक वापरात आले. त्यांत अक्षर नव्हे, तर अक्षराचा तुकडा साठविला जाई; पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असूनही व्यंजनाच्या आधी नोंदली जाई. प्रत्येक उत्पादकाची मांडणी वेगळी असल्याने टंक बदलताच मराठी मजकुराच्या जागी रोमन चिन्हांची रास दिसे. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधारे करण्यात आली व विंडोज २००० पासून ती सामान्य संगणकांवर उपलब्ध झाली. जुन्या टंकांतील मजकूर तिच्यात आणण्यासाठी प्रत्येक टंकाचा स्वतंत्र कोष्टक-नकाशा करावा लागतो.

या प्रदेशाचे नावच स्थानांतराची कसोटी पाहणारे आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्ध्या ‘र’चे आडवे चिन्ह रफाराहून भिन्न असून ते मराठीत अर्थभेदक आहे, ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. युनिकोडमध्ये हे चिन्ह दोन प्रकारे लिहिता येते : खाली बिंदू असलेला ‘ऱ’ व हलन्त यांच्या योगाने, किंवा साधा ‘र’, हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात. परंतु दोन्ही रीती एकच मानण्याची सोय केलेली नसेल, तर संगणकाच्या लेखी ते भिन्न ठरतात व एकाचा शोध घेतला असता दुसरा सापडत नाही. रूपांतरात ते अदृश्य चिन्ह गळाल्यास ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होते. कुऱ्हा हे गाव किंवा गोऱ्हे, कऱ्हाडे यांसारखी आडनावे असलेल्या नोंदींत हा दोष संभवतो.

भूमी-अभिलेखांचे संगणकीकरण : १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने देशातील आठ जिल्ह्यांत भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. महाराष्ट्रातून अमरावतीला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्याची त्यासाठी निवड झाली होती. २००८ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व पुढे महाराष्ट्रात ई-फेरफार ही आज्ञावली प्रचारात आली. आधी तालुकावार साठविलेली माहिती तीत आणताना केवळ अक्षरेच नव्हे, तर अंकही तपासणे अगत्याचे ठरते. उदाहरणार्थ, हस्तलिखितातील ‘४.२०’ याचा अर्थ ४ एकर २० गुंठे, म्हणजे साडेचार एकर किंवा १ हेक्टर ८२ आर असा होतो. आज्ञावलीने तोच आकडा दशांश समजून वाचल्यास क्षेत्र १ हेक्टर ७० आर भरते आणि कोणाचाही हेतू नसता सुमारे १२ गुंठे जमीन कागदावरून नाहीशी होते. गावांच्या संकेतांकांचेही तसेच आहे : १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाल्यामुळे त्यापूर्वीच्या धारिकांत तेथील गावे अकोल्याच्या नावाखाली आढळतात.

अशा चुका यंत्राला कळत नाहीत, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही आकडे वैधच असतात. म्हणून हस्तलिखित व संगणकीय उतारे ताडून पाहण्याची मोहीम राज्यात घेण्यात आली आणि २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन करून खातेदारांच्या हरकती ऐकण्यात आल्या. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचे आदेश देण्याचा अधिकार महसूल संहितेच्या कलम १५५ मध्ये आहे. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले. सर्वांत आधुनिक प्रणालीची अखेरची तपासणी अशा रीतीने चावडीवर, गावकऱ्यांच्या कानांनी झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मूळ प्रतींचे महत्त्व : मजकूर टिकला तरी त्याची किल्ली हरवल्यास तो मुका होतो, याचा दाखला वऱ्हाडच्या इतिहासातच आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे क्षेत्र. या पंथाचे ग्रंथ सकळ व अन्य सांकेतिक लिप्यांत लिहिले गेल्याने शतकानुशतके जतन होऊनही बाहेरच्या अभ्यासकांना अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वि. का. राजवाडे प्रभृती संशोधकांना त्या लिपीची उकल उपलब्ध झाल्यावरच मराठीचे आद्य गद्य प्रकाशात आले. संगणकीय अभिलेखांनाही हाच न्याय लागू पडतो. रूपांतरित माहितीबरोबर मूळ धारिका, तिचा संकेत व रूपांतराचे नियम जपून ठेवले, तरच पुढील स्थानांतरात झालेली चूक शोधून काढता येते. महाराष्ट्रात जुन्या महसुली कागदपत्रांच्या प्रतिमा घेऊन त्या लोकांना उपलब्ध करून देण्याची योजना आरंभी सात जिल्ह्यांत राबविण्यात आली, त्यांत अकोला व अमरावती यांचा समावेश होता. प्रतिमेत पटवाऱ्याचे अक्षर, खाडाखोड व मापे जशीच्या तशी राहतात; त्यामुळे उताऱ्यातील नाव वा क्षेत्र यांविषयी वाद उद्‌भवल्यास मूळ नोंदीशी पडताळा घेणे शक्य होते.