सिंधूकाठची ओळख, उल्हासकाठचा पुरावा

1. प्रश्न आणि पद्धत

पाकिस्तानी माणसाची सांस्कृतिक ओळख कशाची बनली आहे? धर्माची, असे उत्तर झटकन दिले जाते. ते अपुरे आहे. 2023 च्या जनगणनेत पाकिस्तानची लोकसंख्या 24 कोटींच्या वर गेली. त्यात मातृभाषा पंजाबी सांगणारे सुमारे 37 टक्के, पश्तो 18, सिंधी 14, सराइकी 12, बलुची तीनहून थोडे अधिक आणि राष्ट्रभाषा उर्दू अवघे नऊ टक्के. बलुचिस्तानातली ब्राहुई ही भाषा कन्नड-तेलुगूच्या द्राविड कुळातली आहे. उत्तरेकडची बाल्टी तिबेटी वळणाची आहे, तर तिच्या शेजारच्या बुरुशास्कीला जगात सख्खी भाषाच नाही. या सगळ्यांना जोडणारा धर्म खरा आहे, पण त्यांच्यातला फरक त्याने पुसलेला नाही.

एखाद्या घटकाचा परिणाम समजून घ्यायचा तर बाकीचे घटक तसेच ठेवून तो एकच बदलून पाहावा लागतो. जिवंत समाजावर असा प्रयोग कुणी करू नये. 1947 साली इतिहासाने मात्र जवळपास तसाच प्रयोग सिंधी समाजावर केला. पंजाब आणि बंगाल यांच्यासारखी सिंधची फाळणी झाली नाही, अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. सिंधी मुसलमान आपल्या भूमीवर राहिले, दहा लाखांहून अधिक सिंधी हिंदू भूमी सोडून निघाले. धर्म वेगळा, पण भाषा, खाणेपिणे, संतपरंपरा दोघांची एकच. एकाची भूमी टिकली, दुसऱ्याची सुटली. त्या दुसऱ्यांची सर्वांत मोठी वस्ती कल्याणच्या शेजारी, उल्हासनगरात आहे. हे लोक पाकिस्तानी नाहीत, पिढ्यान्‌पिढ्यांचे भारतीय आहेत. म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची आहे. पाकिस्तान हे राज्य वगळले तर सिंधी माणसात काय उरते, ते त्यांच्यात दिसते.

या विवेचनात ओळखीचे चार थर धरले आहेत: भूमी, भाषा, श्रद्धा आणि स्थलांतराची स्मृती.

2. भूमी

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळरानावर लष्करी छावणी उभी राहिली. युद्ध संपल्यावर बराकी रिकाम्या पडल्या. 6 जानेवारी 1948 च्या कराचीतल्या दंगलीनंतर हिंदूंच्या स्थलांतराने वेग घेतला. बोटींनी मुंबई बंदरात उतरलेल्या हजारो कुटुंबांना या बराकींत आणण्यात आले. पडदे आणि गोणपाटे लावून एका बराकीत अनेक संसार थाटले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कँपाचे उल्हासनगर झाले. शहराला उल्हास नदीचे नाव मिळाले. सिंधूकाठच्या लोकांच्या नशिबी पुन्हा नदीच्याच नावाचे गाव आले. लोकांच्या तोंडी मात्र छावणीचे आकडेच राहिले. आजही पत्ता सांगताना ‘कँप नंबर तीन’, ‘कँप नंबर पाच’ असेच म्हणतात.

भूमी सुटली तेव्हा काय गेले आणि काय आले, याचा एक पुरावा आडनावात आहे. मराठी आडनाव पुष्कळदा गावाचे असते: ठाणेकर, कल्याणकर. सिंधी हिंदूंचे आडनाव बहुतेकदा पूर्वजाचे असते. अडवाणी म्हणजे अडूचे वंशज. ‘आणी’ हा प्रत्यय सिंध-बलुचिस्तानातल्या बिजाराणींसारख्या मुसलमान टोळ्यांतही आहे, म्हणजे ही रीत धर्माची नसून त्या प्रदेशाची आहे. गाव हरवल्यावरही हे आडनाव पोकळ झाले नाही, कारण त्यात गाव नव्हतेच, माणूस होता. भूमी गेली तरी भूमीने शिकवलेली नाव ठेवण्याची रीत सोबत आली.

पाकिस्तानातल्या सिंधी माणसाची ओळख मात्र आजही जमिनीला घट्ट बांधलेली आहे. अजरक ही छापील चादर आणि आरसेकामाची टोपी तिथे राजकीय निशाणे बनतात, सिंधूच्या पाण्याच्या वाटपावरून आंदोलने पेटतात. भूमी हाताशी असलेल्यांनी ती झेंड्यावर घेतली. ज्यांची सुटली त्यांनी ती स्वयंपाकघरात जपली. दाल पकवान, साई भाजी, कोकी आणि भें म्हणजे कमळकाकडी हे उल्हासनगरातल्या घरांत टिकलेले सिंधचे तुकडे आहेत.

3. भाषा

सिंधीत ग, ज, ड, ब यांचे असे चार उच्चार आहेत की त्यांत हवा बाहेर सोडण्याऐवजी आत ओढली जाते. मराठी जिभेला ते सहज जमत नाहीत. हे चार वर्ण हैदराबाद सिंधमध्ये आणि उल्हासनगरात सारखेच ऐकू येत, मग बोलणारा नमाज पढणारा असो वा जलदेव झूलेलालची ज्योत लावणारा.

या भाषेशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. 1847 ते 1936 सिंध मुंबई इलाख्यात होता. 1853 च्या सुमारास इंग्रजांनी अरबी वळणाची 52 अक्षरांची सिंधी लिपी रूढ केली. सिंधमधली पहिली सरकारी शाळा 1855 साली कराचीत सुरू झाली. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव ती शाळा आजही लावते. हिंदू व्यापाऱ्यांच्या वहीखात्यातली खुदाबादी लिपी सुधारून घेण्याचे कामही 1868 साली वैद्यांकडेच सोपवले गेले. लिपीचा वाद फाळणीबरोबर इकडे आला. सिंधी देवनागरीत लिहायची की अरबी वळणात, यावर भारतातल्या सिंधी लेखकांनी वर्षानुवर्षे शक्ती वेचली, आणि त्या काळात मुलांच्या हातून दोन्ही लिप्या निसटत गेल्या.

10 एप्रिल 1967 रोजी सिंधीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. सन्मान मिळाला, पण ती राजभाषा असलेले राज्य मिळाले नाही. उल्हासनगरातल्या सिंधी माध्यमाच्या शाळा घटत गेल्या आणि नातवंडे आजीला हिंदीत उत्तर देऊ लागली. पाकिस्तानात याच्या उलट घडले. तिथे सिंधीला प्रांत होता, पण तिच्यावर उर्दूचे दडपण आले. 1955 ते 1970 या काळात पश्चिम पाकिस्तानातले सर्व प्रांत ‘वन युनिट’मध्ये विलीन केले गेले आणि सिंध हे नाव प्रशासनातून नाहीसे झाले. 1972 मध्ये प्रांतिक विधानसभेने सिंधी भाषेचे विधेयक संमत केले, तेव्हा कराचीत दंगली उसळल्या. पूर्व पाकिस्तानात भाषेचाच प्रश्न 1952 मध्ये रक्त सांडून गेला होता आणि 1971 मध्ये देशच दुभंगला.

यातून एक नियम हाती येतो. दडपणाखाली भाषा ताठ उभी राहते, पण आधाराविना ती सुकते. सिंधमध्ये सिंधीला विरोध झाला आणि ती टिकली. आपल्याकडे तिला कुणी विरोध केला नाही, पण तिची गरजही कुणाला उरली नाही. दुसऱ्या प्रकारचे मरण अधिक शांत असते, म्हणून ते लक्षात येत नाही. मराठीची काळजी वाहणाऱ्या प्रत्येकाने शेजारच्या शहरातला हा धडा नीट वाचावा.

4. श्रद्धा

फाळणीचा युक्तिवाद धर्माच्या पायावर उभा होता, पण सिंधची श्रद्धा त्या चौकटीत कधीच पुरती मावली नव्हती. सिंधी हिंदूंच्या तिकाण्यांत, म्हणजे प्रार्थनास्थळांत, गुरू ग्रंथसाहिबाचे पठण होई. शाह अब्दुल लतीफ, सचल सरमस्त आणि सामी ही तीन नावे सिंधी कवितेत एकत्र घेतली जातात. पहिले दोघे सूफी, तिसरे वेदान्ती. सिंधमधल्या उडेरोलाल येथे एकाच आवारात मंदिर आणि दर्गा आहे. हिंदू ज्याला झूलेलाल म्हणतात त्यालाच मुसलमान शेख ताहिर म्हणून मानतात.

उल्हासनगरच्या कँप पाचमधल्या झूलेलाल मंदिरात दरवर्षी चालिहो पाळला जातो. चाळीस दिवस व्रत, ज्योत आणि शेवटी बहिराणा साहिबचे, म्हणजे ज्योत मांडलेल्या पूजेच्या ताटाचे, विसर्जन. मूळ पूजा सिंधू नदीची. देव पल्ला माशावर बसून येणारा. इथे ना सिंधू, ना पल्ला. पाणी बदलले, पण पाण्याला हात जोडणे बदलले नाही. गुढीपाडव्याच्या आगेमागे येणारा चेटीचंड, म्हणजे सिंधी नववर्ष, ही ठाणे जिल्ह्यात आता शेजाऱ्याची ओळखीची मिरवणूक आहे.

तिकडच्या सिंधमध्ये आजही सुमारे नऊ टक्के हिंदू आहेत, मुख्यतः थरपारकर-उमरकोट भागात आणि बहुसंख्य गरीब, शेतमजूर. त्यांच्यावर होणारे अन्याय, जबरदस्तीची धर्मांतरे झाकून समन्वयाचे गोडवे गाणे खोटेपणाचे ठरेल. पण म्हणून समन्वयाची परंपरा खोटी ठरत नाही. कट्टरपंथी एका बाजूला आणि दर्ग्यातली माणसे दुसऱ्या बाजूला, हा पाकिस्तानच्या आतला खरा ताण आहे. 2017 मध्ये सेहवानच्या शाहबाज कलंदर दर्ग्यावर झालेल्या बॉम्बहल्ल्याने तो उघड झाला.

5. स्थलांतराची स्मृती

सिंधी हिंदूंनी रिकाम्या केलेल्या कराचीत उत्तर प्रदेश, बिहार, दक्खनचे हैदराबाद, मुंबई येथून मुसलमान कुटुंबे गेली. कोकणी मुसलमानांची वसाहतही तिथे उभी राहिली. इकडे आलेल्यांना ‘निर्वासित’ म्हटले गेले, तिकडे गेलेल्यांनी स्वतःला ‘मुहाजिर’ म्हटले. दुःख सारखे, पण वाट वेगळी झाली. मुहाजिरांची भाषा हीच राष्ट्रभाषा असल्याने त्यांना आधी नोकऱ्यांत वरचष्मा मिळाला. पुढे प्रांतिक कोट्यामुळे तो घटू लागला. त्या असुरक्षिततेतून 1984 साली मुहाजिर कौमी मूव्हमेंट जन्मली. उल्हासनगरच्या लोकांपाशी गमावण्याजोगा वरचष्माच नव्हता. त्यांची स्मृती दुकानांत, कारखान्यांत आणि शाळा-कॉलेजांत उतरली. 1965 साली इथे सुरू झालेले सी. एच. एम. कॉलेज ज्या संस्थेचे आहे, तिच्या नावात आजही ‘हैदराबाद (सिंध)’ आहे. ‘मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा विनोद करणाऱ्यांनी ही पाटीही वाचायला हवी.

या स्मृतीत मराठी धागाही आहे. कराचीतले मागेन शालोम हे यहुदी प्रार्थनास्थळ 1893 मध्ये उमेरडेकर यांनी बांधले. ते कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांपैकी, आणि त्यांचे ‘कर’ कराचीपर्यंत गेलेले. 1988 मध्ये ती वास्तू पाडली गेली. त्यांच्याच समाजाचे ठाण्यातले 1879 चे शार हाशमाईम मात्र आजही उभे आहे. एखादे राज्य किती विविधता सांभाळते, हे मोजायला या दोन वास्तूंची तुलना पुरेशी बोलकी आहे. ठाण्याने जे टिकवले त्याचा अभिमान बाळगावा, आणि ते पुढेही टिकवण्याची जबाबदारी ओळखावी.

6. निष्कर्ष

पहिला: ‘पाकिस्तानी’ ही ओळख जुन्या प्रादेशिक ओळखींवर घातलेले नवे छप्पर आहे. पाऊण शतकाच्या शाळा, लष्कर, क्रिकेट आणि उर्दू नाटके यांनी ते छप्पर खरे केले आहे, पण त्याखालच्या भिंती त्याहून कितीतरी जुन्या आहेत. दुसरा: राज्याने एकाच थरावर भार टाकला की दुसरा थर तडकतो. धर्म आणि उर्दू यांवर भार आला तेव्हा आधी बंगाली भाषा उठली, मग सिंधी. तिसरा: थर एकाच वेगाने झिजत नाहीत. भूमी एका दिवसात सुटते, भाषा तीन पिढ्यांत. श्रद्धा आणि चव त्यानंतरही टिकतात.

2005 मध्ये राष्ट्रगीतातून ‘सिंध’ वगळण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तो शब्द आता नकाशावरच्या भूमीचा नाही, इथल्या माणसांचा आहे. ती माणसे मात्र वेगाने कमी होत आहेत. 1947 साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. सिंधमधले आपले घर, शाळा, शेजारचा मुसलमान मित्र आणि ते चार वर्ण त्याच्या तोंडी अजून आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांतून लोकलने दहा-वीस मिनिटांत त्याच्यापर्यंत पोहोचता येते. मराठीच्या, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन यंदाच त्याच्या दारात जावे.