आहारतज्ज्ञ, वृद्धाश्रमातील
वृद्धाश्रमातील ज्येष्ठांचे पोषण तपासून त्यांचा आहार ठरवणारा व्यावसायिक. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातील उमरी पठार येथे संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे. अशा ग्रामीण भागात पूर्णवेळ आहारतज्ज्ञ मिळणे अवघडच. वजनातली घट, दात, गिळण्याचा त्रास व चालू औषधे आधी पाहतात. पोटरीचा घेर ३१ सेंमी.पेक्षा कमी भरल्यास स्नायू झिजल्याची शंका घेतात. मूत्रपिंडे धड असतील तर दर किलो वजनामागे रोज किमान १ ग्रॅम प्रथिने हवीत. तूर पिकवणाऱ्या या जिल्ह्यात घट्ट वरण हा त्यावरचा सोपा उपाय. भाकर चावत नसेल तर ज्वारीच्या मऊ कण्या ताकाबरोबर देता येतात. मधुमेहाचे पथ्य फार कडक केले की ताट तसेच परत येते. वयाबरोबर तहान मंदावते, त्यामुळे विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी मागण्याआधीच द्यावे लागते.