लाळेतून कर्करोगाचा माग : एका शोधाचा इतिहास



भारतात दरवर्षी तोंडाच्या कर्करोगाचे एक लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळतात. तंबाखू आणि सुपारी ही त्यामागची प्रमुख कारणे. तोंड तर आरशातही दिसते. मग बरेच रुग्ण उशिरा का येतात? सुरुवातीचा पांढरा किंवा लाल चट्टा सहसा दुखत नाही, आणि बायॉप्सीसाठी तुकडा काढायचा म्हटले की माणूस घाबरतो. छेद न देता रोग ओळखता येईल का, हा प्रश्न यातूनच पुढे आला.

१. पेशी आणि रंग

गर्भाशयाचा कर्करोग गळून पडलेल्या पेशींवरून ओळखता येतो, हे पापानिकोलाऊ आणि ट्राउट यांनी १९४१ मध्ये मांडले. पुढे हीच पद्धत तोंडासाठी वापरून पाहिली गेली. पण जाड चट्ट्यावरून खरवडले की वरवरच्याच पेशी येतात. खालच्या थरातला बिघाड निसटतो. १९६० च्या दशकात टोल्युइडिन ब्लू हा रंग तोंडात लावून पाहिला गेला. तो संशयित भाग दाखवतो, पण साध्या सुजलेल्या जखमेलाही चिकटतो.

२. रेणू

१९९४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील सिड्रान्स्की यांच्या गटाला रुग्णांच्या लाळेत पी५३ जनुकातील तेच बदल सापडले, जे गाठीत होते. २००४ मध्ये लॉस एंजेलिसला डेव्हिड वाँग यांच्या गटाने ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी व्यक्तींच्या लाळेतील आरएनए तपासले. काही आरएनए एकत्र पाहिल्यास संवेदनशीलता ९१ टक्के आणि विशिष्टताही ९१ टक्के मिळाली.

३. मग अडले कुठे?

मी डॉक्टर नाही; मोजमापाचे विषय शिकवतो. म्हणून गणित करू. समजा, १०,००० लोकांत १० जणांना रोग आहे. चाचणी त्यातले ९ पकडेल. पण उरलेल्या ९,९९० निरोगी लोकांपैकी ९ टक्के, म्हणजे सुमारे ८९९ जण नाहक संशयित ठरतील. 'रोग आहे' असे सांगितलेल्या शंभरातला जेमतेम एक खरा रुग्ण!

आता हीच चाचणी जोखमीच्या १,००० लोकांवर करा, ज्यांत १०० रुग्ण आहेत. खरे ९१, नाहक ८१. चाचणी तीच, पण उपयोग बदलला. म्हणून लाळेची चाचणी सरसकट सर्वांसाठी नव्हे, तर चट्टा असलेल्यांवर किंवा उपचार झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी अधिक आशादायक वाटते. अंतिम निदान आजही बायॉप्सीनेच होते.

४. केरळचा धडा

तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे नुसती डोळ्यांनी तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. उपकरण कोणते? उजेड आणि शिकवलेली नजर.

तेव्हा बायोमार्करचा अभ्यास जरूर करा, पण आकडा पाहिला की आधी विचारा : हा कोणत्या लोकांवर मोजला? आणि घरात कोणाच्या तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तर नव्या चाचणीची वाट पाहू नका. त्यांना दवाखान्यात घेऊन जा.

स्वाध्याय : विशिष्टता ९९ टक्के धरून वरची दोन्ही उदाहरणे पुन्हा सोडवा.