भूल देणे आणि भूल होणे



ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, ते गुरुजी इतिहास शिकविताना प्रत्येक विधानाला एकच प्रश्न करीत : पुरावा काय? भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना एका गोष्टीबाबत हा प्रश्न विचारावयाचा मी विसरलो. त्याची कबुली देण्यास मी आज उभा आहे.

पेन्टोथाल अर्थात थायोपेंटोन हे बार्बिट्युरेट वर्गातील औषध अ‍ॅबट कंपनीच्या व्हॉलवायलर आणि टॅबर्न या रसायनशास्त्रज्ञांनी सिद्ध केले. ८ मार्च १९३४ रोजी अमेरिकेतील मॅडिसन येथे राल्फ वॉटर्स यांनी ते प्रथम रुग्णास दिले. त्याच वर्षी मेयो क्लिनिकमध्ये जॉन लंडी यांनीही त्याचा वापर आरंभिला. ईथरचा उग्र दर्प आणि गुदमरणे यांतून रुग्णाची सुटका झाली. पिवळसर पूड शुद्ध पाण्यात विरघळवून शिरेतून देताना मी रुग्णास अंक मोजावयास सांगत असे. अर्ध्या मिनिटाच्या आत बहुतेकांचे मोजणे थांबे.

या औषधाची अपकीर्ती झाली ती ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर. १९४३ साली हॅलफर्ड या शल्यविशारदांनी युद्धजखमींना ते देण्यावर कठोर टीका केली. त्याच अंकातील संपादकीय संयमी होते. परंतु लोकांच्या ध्यानात राहिली ती टीका. पुढे तर शत्रूपेक्षा पेन्टोथालनेच अधिक सैनिक मारले, अशी दंतकथा रूढ झाली. विद्यार्थिदशेत मी ती ऐकली आणि पुढे माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलीही. १९९५ साली बेनेट्स यांनी तेथील ट्रिपलर रुग्णालयाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दाखल झालेल्या ३४४ जखमींपैकी १३ दगावले होते. आणि त्यांतीलही फार थोडे मृत्यू या औषधाच्या माथी मारता येतील, असे त्यांनी दाखविले.

दंतकथा खोटी ठरली, तरी धोका खरा होता. फार रक्त गेलेल्या देहात उरलेले रक्त मुख्यतः मेंदू आणि हृदय यांच्याकडेच वळते. म्हणून एरवीची मात्राही तेथे अतिमात्रा ठरते आणि रक्तदाब कोसळतो. शिवाय रुग्ण लवकर जागा होतो तो औषध नष्ट झाल्यामुळे नव्हे, तर ते मेंदूतून स्नायूंकडे सरकल्यामुळे. पुन्हा पुन्हा दिल्यास ते शरीरात साठत जाते. हा उलगडा १९५० ते १९६० च्या दरम्यानच्या संशोधनाने झाला. १९४१ च्या डॉक्टरांपाशी ते ज्ञान नव्हते.

आपल्या हैदराबादने याची दुसरी बाजू पाहिली आहे. १८८८ आणि १८८९ साली निजामांच्या आश्रयाने एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने येथे क्लोरोफॉर्म कमिशने भरली. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची चिंता नको, असा निष्कर्ष निघाला. १९११ साली लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मने हृदयही अकस्मात बंद पडू शकते. येथे अतिविश्वासाने भूल झाली, तेथे भीतीने.

पुढे प्रोपोफॉल आले आणि पेन्टोथाल मागे पडले. माझे काही विद्यार्थी या सभागृहात बसले आहेत. मी सांगितलेली ती पर्ल हार्बरची गोष्ट मी आज परत घेतो. आणि मी आता जे सांगितले, त्यालाही गुरुजींचा तोच प्रश्न आपण अवश्य विचारावा.