बाजूला उभा राहणारा गिटारवाला

आज रिचर्ड थॉम्पसन. नाव ऐकलं नसेल तर हरकत नाही, मलाही तो जरा उशिराच सापडला.

१९६७ साली उत्तर लंडनमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा बँड सुरू झाला, तेव्हा हा पोरगा १८ वर्षांचा. बुजरा. गाणं दुसऱ्यांनी म्हणावं, आपण बाजूला उभं राहून गिटार वाजवावी, असा स्वभाव. बँड सतत दौऱ्यावर. रात्री कार्यक्रम, मग सगळे एका व्हॅनमध्ये कोंबून घरी.

१२ मे १९६९. बर्मिंगहॅमहून परतताना पहाटे एम-१ हायवेवर त्यांच्या व्हॅनला अपघात झाला. ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला, वय अवघं १९. रिचर्डची मैत्रीण जीनी फ्रँकलिनही गेली.

बँड तिथेच संपला असता. पण जुनी गाणी पुन्हा तशीच वाजवणं त्यांना नको वाटलं. मग सुरुवातीची अमेरिकन वळणाची गाणी मागे ठेवून ते इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांकडे वळले. त्यांना इलेक्ट्रिक गिटार नि ड्रम्सची जोड दिली. त्याच डिसेंबरात 'लीज अँड लीफ' आला. सात महिन्यांत! इंग्लिश फोक-रॉकची गोष्ट या अल्बमशिवाय सांगताच येत नाही.

१९७१च्या सुरुवातीला रिचर्डने बँड सोडला. पुढच्या वर्षी पहिला सोलो अल्बम आला आणि सपशेल आपटला. मग काय, गाणी त्याची, आवाज बायकोचा, लिंडाचा. म्हणजे साहेब पुन्हा बाजूला! मला तर वाटतं, तिच्या आवाजाआड त्याला बरंच वाटत असणार. १९८२ला 'शूट आउट द लाइट्स' आला तोवर संसार मोडला होता, तरी दोघं अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. रोज रात्री एकाच स्टेजवर, तीच मोडलेल्या नात्यांची गाणी. कसं जमवलं असेल?

त्यानंतर मात्र आडोसा उरला नाही. स्वतःची गाणी स्वतःच गायची, कित्येकदा सोबत फक्त एक अकूस्टिक गिटार. प्लेक्ट्रम अंगठा नि तर्जनीत धरून तो खर्जाच्या तारा चालवतो आणि उरलेल्या बोटांनी वर सूर काढतो.

१९९१चं '१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग' ऐका. एक मोटारसायकल, एक चोर, एक लाल केसांची मुलगी. हेडफोन लावा. दुसरा गिटारवाला कुठे आहे ते शोधू नका, नाहीये.