रत्नागिरीचे माशाचे कालवण : धान्याविना दाटपणाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

आरोग्याच्या कारणास्तव आहारातून धान्य वगळण्याचा विचार अलीकडे जगभर मांडला जात आहे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील ‘गंबो’ या कोळंबी-खेकड्यांच्या रश्श्यालाही हा विचार लागू केला जातो. १७५५ पासून आजच्या कॅनडातील आकेडिया प्रदेशातून हुसकावलेल्या आणि पुढे लुइझियानात स्थिरावलेल्या फ्रेंच भाषिकांचे वंशज ‘केजन’ म्हणून ओळखले जातात. त्यांच्या गंबोला गव्हाचे पीठ तेलात किंवा चरबीत खरपूस परतून दाटपणा आणतात. हे पीठ वगळायचे झाल्यास भेंडी अथवा ससाफ्रास वृक्षाच्या वाळलेल्या पानांची पूड वापरली जाते. भेंडीचा वापर आफ्रिकी गुलामांच्या परंपरेतून, तर पूड चॉक्टॉ या मूलनिवासी समाजाकडून आली. म्हणजे नवा म्हणून सांगितला जाणारा पर्याय मुळात जुनाच आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील माशाच्या कालवणाचा या दृष्टीने विचार करणे उद्बोधक ठरते.

कालवणाची घडण

रत्नागिरीच्या कालवणाला दाटपणा येतो तो ओल्या नारळाच्या वाटणाने. खोबरे, मिरची, धणे व हळद पाट्यावर बारीक वाटून त्यात पाणी घालून उकळी आणली जाते; आंबटपणासाठी आमसुले आणि बांगडा-तारलीसारख्या उग्र वासाच्या माशांना ठेचलेली तिरफळे घातली जातात. मासे शेवटी सोडतात आणि ते मोडू नयेत म्हणून डावाने न ढवळता भांडेच हलवतात. पिठाचा दाटपणा त्यातील पिष्टमय पदार्थ उष्णतेने फुगल्यामुळे येतो. नारळाचा दाटपणा मात्र रसात तरंगणाऱ्या स्निग्ध कणांवर व चोथ्यावर अवलंबून असतो. त्यामुळे कालवण फार उकळल्यास ते फुटते. काही घरांत वाटणात थोडे भिजवलेले तांदूळ घालतात. मात्र तो दाटपणाचा मुख्य आधार नव्हे.

या घटकांपैकी कोकम व तिरफळ सह्याद्रीच्या परिसरातील आहेत. मिरची मात्र अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या व्यापारामार्गे सोळाव्या शतकात भारतात आली; गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले ते १५१० मध्ये. आज ‘पारंपरिक’ वाटणारा कालवणाचा लाल रंग त्या अर्थाने अलीकडचा आहे.

धान्याची टंचाई

कालवणात धान्य नाही याचा अर्थ जेवणात धान्य नव्हते असा होत नाही. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरवरून तत्कालीन शेतीचे स्वरूप कळते. भातशेती खाचरांपुरती मर्यादित होती आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक ही पिके घेतली जात. सामान्य कुटुंबाच्या ताटात भाताइतकीच, किंबहुना अधिक, नाचणीची भाकरी असे. शेतीवर भागत नसल्याने येथील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, सैन्यात व पोलिसांत गेले आणि मनिऑर्डर हा घरखर्चाचा मोठा आधार बनला. ज्या प्रदेशात धान्य मोजून वापरावे लागे, तेथे परसातील नारळाने रस दाट करणे स्वाभाविक होते. ज्यांच्याकडे माड नव्हते त्यांचे कालवण पातळच राही. दाटपणा हा असा रुचीबरोबरच ऐपतीचाही प्रश्न होता.

पावसाळ्यात समुद्र बंद झाला की सुकट, बोंबील व सोडे यांवर गुजराण होई. खारवी, गाबीत, दालदी अशा समाजांतील स्त्रियांनी मासे सुकवण्याचे, विकण्याचे व रांधण्याचे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. मराठी पाकशास्त्राच्या छापील ग्रंथांत मात्र मध्यमवर्गीय घरांचाच आहार प्रामुख्याने नोंदला गेला.

आरोग्याचा दावा आणि इतिहास

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि एके काळी गरिबीची खूण समजली जाणारी नाचणी प्रतिष्ठेची झाली. अशा वेळी ‘धान्यविरहित’ हेच आरोग्याचे लक्षण मानले, तर कालवणाशेजारची भाकरी ताटातून नाहीशी होते. शिवाय पीठ नाही एवढ्याने पदार्थ हलका ठरत नाही. नारळात संपृक्त स्निग्धांश भरपूर असतो. भाताचे प्रमाण कमी करून नाचणीची भाकरी घेणे, वाटण बेताने वापरणे आणि मासा तळण्याऐवजी रसात शिजवणे हे येथील परंपरेशी अधिक सुसंगत होय.

निष्कर्ष

गंबोतून पीठ काढावे लागते. रत्नागिरीच्या कालवणात ते मुळात आधारभूत नव्हतेच. परंतु त्यामागे आरोग्याचा सिद्धान्त नसून जमीन, माड, समुद्र आणि टंचाई यांचा मेळ होता. आहाराचे मूल्यमापन केवळ घटकांच्या यादीवरून केल्यास हा श्रमाचा व अभावाचा इतिहास पुसला जातो. कोकणच्या आहारेतिहासाचा अभ्यास म्हणूनच गॅझेटियरच्या पानांइतकाच मासे विकणाऱ्या व रांधणाऱ्या स्त्रियांच्या मौखिक साक्षींवर उभा राहणे आवश्यक आहे.